मेंढपाळाचा सोबती

इंग्लंड आणि स्कॉटलंड यांच्या सीमेवर चेव्हियट नावाच्या डोंगरांची रांग आहे. हे डोंगर आपल्या सह्याद्रीसारखे उंच काळ्या कड्यांचे नाहीत. त्यांचे माथे गोलसर असून त्यांवर दूरवर गवत पसरलेले असते. तेथला वारा बोचरा, पावसाचा नेम नाही, आणि धुके उतरले की दहा हातांवरचा माणूसही दिसेनासा होतो. अशा उतारांवर शेकडो मेंढ्या मोकळ्या चरत असतात. वादळाची चाहूल लागली की त्यांना खाली आणावे लागते. एकट्या माणसाने हे काम करावयाचे म्हटले तर दिवस पुरणार नाही. एका मेंढीला वळवावे, तोच दुसऱ्या चार उधळाव्या, असे होते.

म्हणून मेंढपाळ पायथ्याशी उभा राहून केवळ एक शीळ घालतो. त्याच्या पायाशी बसलेला काळापांढरा कुत्रा बाणासारखा सुटतो. परंतु तो मेंढ्यांच्या अंगावर सरळ धावत नाही. मोठे वळण घेऊन, त्यांना बुजू न देता, तो त्यांच्या पाठीमागे जाऊन पोचतो. तेथे गेल्यावर मान खाली घालून, अंग चोरून आणि नजर रोखून तो सावकाश पुढे सरकतो. तो भुंकत नाही आणि चावतही नाही. त्या नजरेच्या धाकानेच विखुरलेला कळप एकत्र होतो व धन्याच्या दिशेने चालू लागतो. डावीकडे वळ, उजवीकडे वळ, थांब, या प्रत्येक आज्ञेची शीळ निराळी असते, आणि दूरवरूनही कुत्रा ती बिनचूक ओळखतो. मेंढ्या वाड्यात गेल्या की मेंढपाळ म्हणतो, "दॅट विल डू!" म्हणजे, "पुरे झाले!" हे शब्द ऐकताच कुत्रा काम टाकून धन्याच्या पायाशी येऊन बसतो.

या जातीच्या कुत्र्याला 'बॉर्डर कॉली' म्हणतात. 'बॉर्डर' म्हणजे सीमा. या सीमाप्रदेशात तो नावारूपाला आला, म्हणून त्याचे हे नाव. इंग्लंडमधील नॉर्दंबरलंड परगण्यात १८९३ साली अ‍ॅडम टेल्फर नावाच्या शेतकऱ्याकडे 'हेंप' नावाचे एक पिल्लू जन्मले. पुढे लोक त्याला 'ओल्ड हेंप' म्हणू लागले. आरडाओरडा न करता निव्वळ नजरेने मेंढ्या वळवण्याची त्याची हातोटी विलक्षण होती. आजचे बहुतेक बॉर्डर कॉली आपली वंशपरंपरा या हेंपपर्यंत नेऊन पोचवतात. अशा कुत्र्यांच्या कौशल्याच्या स्पर्धाही भरतात. १८७३ साली वेल्समधील बाला या गावी भरलेली स्पर्धा ब्रिटनमधील अशा पहिल्या स्पर्धांपैकी एक म्हणून प्रसिद्ध आहे.

आपल्याकडील धनगरांचे कुत्रे तुमच्यापैकी काहींनी पाहिले असतील. माळावर मेंढ्यांचा तळ पडला की ते रात्रभर जागतात आणि लांडग्याची चाहूल लागताच भुंकून सर्वांना सावध करतात. मेंढ्यांचे रक्षण करणे हे त्यांचे मुख्य काम होय. बॉर्डर कॉलीचे काम याहून निराळे आहे. तो पहारेकरी नव्हे, तर मेंढ्या वळवणारा आहे. पहारेकऱ्याला पुष्कळ वेळ स्वस्थ बसता येते. वळवणाऱ्याला मात्र क्षणभरही कळपावरून नजर काढता येत नाही. हा भेद नीट ध्यानात ठेवा, कारण पुढे जे घडले ते यातूनच घडले.

मेंढ्या वळवण्याची ही ओढ कुत्र्याच्या अंगात कोठून येते? लांडगा शिकार करताना प्रथम सावजावर नजर रोखतो, मग दबकत जवळ जातो, नंतर पाठलाग करतो आणि शेवटी लचका तोडतो. कुत्रा हा लांडग्याचाच आप्त आहे. ज्या कुत्र्यांमध्ये नजर रोखणे, दबकणे आणि धावणे हे गुण प्रबळ असत, पण चावण्याची प्रवृत्ती क्षीण असे, अशांचीच पिल्ले मेंढपाळांनी पिढ्यान् पिढ्या राखली. त्यामुळे शिकारीतला शेवटचा घास गळून पडला आणि उरलेला सारा आवेश कामाला लागला. चार्ल्स डार्विन यानेही १८५९ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात या गोष्टीची नोंद केली आहे. धनगरी कुत्र्याचे पोर कोणी न शिकवताही कळपावर धावून न जाता कळपाभोवती धावू पाहते, असे त्याने लिहिले आहे. तात्पर्य, काम ही या प्राण्याची सवय नव्हे, तर ती त्याच्या रक्तातील भूक आहे.

आता मी माझ्या हातून घडलेली एक चूक तुम्हांला सांगतो.

२०१७ साली मी मुख्याध्यापकपदावरून निवृत्त झालो. त्याच्या थोडे आधी, सहावीच्या वर्गाला मी 'चेसर' नावाच्या बॉर्डर कॉली कुत्रीची हकिकत सांगितली. अमेरिकेत दक्षिण कॅरोलायना राज्यात जॉन पिली नावाचे मानसशास्त्राचे एक निवृत्त प्राध्यापक राहत. २००४ साली ही कुत्री पिल्लू असताना त्यांच्या घरी आली. त्यांनी तिला खेळण्यांची नावे शिकवली. चेंडू, कापडी बाहुल्या, चकत्या अशी १,०२२ खेळणी तिला नावानिशी ओळखता येऊ लागली. प्राध्यापकांना स्वतःला एवढी नावे आठवत नसत, म्हणून त्यांनी ती खेळण्यांवर शाईने लिहून ठेवली होती. परंतु चेसर मात्र नाव ऐकताच नेमके खेळणे उचलून आणी. त्यांच्या या प्रयोगाचा वृत्तांत २०११ साली प्रसिद्ध झाला. वर्ग ही गोष्ट डोळे विस्फारून ऐकत होता. मलाही आपण एक सुरस गोष्ट सांगितल्याचे समाधान वाटले.

त्या वर्गातील एक मुलगा आमच्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहत असे. त्या दिवाळीत त्याने वडिलांजवळ बॉर्डर कॉलीचा हट्ट धरला. वडील मला विचारावयास आले. "सर, कुत्रा चांगला का?" त्यांनी विचारले. "अतिशय बुद्धिमान जात," मी उत्तरलो, आणि तेवढ्यावर थांबलो. आठवडाभरात एक पिल्लू त्यांच्या घरी आले. कापसाच्या बोळ्यासारख्या मऊ त्या पिल्लाचे नाव त्यांनी 'मोती' ठेवले.

पहिले तीन महिने कौतुकात गेले. पुढे तक्रारी सुरू झाल्या. आईवडील कचेरीत आणि मुलगा शाळेत, यामुळे मोती रोज आठ तास एकटा असे. त्याने उशा फाडल्या आणि दाराच्या चौकटी कुरतडल्या. संध्याकाळी मुले अंगणात खेळू लागली की तो त्यांच्याभोवती घिरट्या घाली आणि जो बाजूला जाईल त्याच्या टाचेला दातांनी चिमटा काढी. एकदा मुलाच्या धाकट्या बहिणीच्या पायाला त्याचा दात लागून रक्त आले. जखम साबणाने व वाहत्या पाण्याने बराच वेळ धुऊन तिला लगेच डॉक्टरांकडे न्यावे लागले. शेजारी म्हणू लागले, "हा कुत्रा पिसाळणार!" वस्तुतः बिचारा मोती मुलांचा कळप राखत होता. जवळ मेंढ्या नव्हत्या, म्हणून त्याने मुलांनाच मेंढ्या मानले होते.

याहून वाईट गोष्ट पुढेच होती. मुलगा गंमत म्हणून अंधारात भिंतीवर विजेरीचा झोत फिरवी आणि मोती त्यामागे धावे. सर्वांना हसू येई. काही दिवसांनी विजेरी नसतानाही मोती भिंतीकडे टक लावून बसू लागला. पंख्याची सावली हलली, भांड्यावरून कवडसा पडला, की तो तासन् तास त्याचा माग घेई. त्याला खाण्याची शुद्ध राहीना. पशुवैद्यांनी तपासून सांगितले, "याला शरीराचा रोग नाही. याच्या बुद्धीला उपास घडतो आहे."

एका संध्याकाळी मुलगा माझ्याकडे आला. त्याचे डोळे भरून आले होते. "सर, बाबा मोतीला काढून टाकणार आहेत. तुम्ही तर म्हणाला होता, तो फार हुशार असतो!"

त्या प्रश्नाने मी अंतर्मुख झालो. चेसरच्या गोष्टीतला अर्धाच भाग मी वर्गाला सांगितला होता. पिली यांनी तिला तीन वर्षे, रोज चार ते पाच तास शिकवले होते, ही गोष्ट मी वाचली होती. परंतु सांगताना ती गाळली होती. कुत्रीच्या बुद्धीचे कौतुक मी केले आणि त्या वृद्ध प्राध्यापकाच्या परिश्रमाला विसरलो. हजार नावांच्या मागे हजारो तास उभे होते. शिक्षकाने अर्धे सत्य सांगितले, तर त्याची किंमत दुसऱ्या कोणालातरी भरावी लागते. ती येथे एका मुक्या जीवाला भरावी लागत होती.

"बाळ," मी म्हणालो, "चूक मोतीची नाही आणि केवळ तुझीही नाही. ती आधी माझी आहे. उद्यापासून आपण दोघे त्याला काम देऊ."

दुसऱ्या दिवसापासून आमचा क्रम ठरला. पहाटे साडेपाचला आम्ही मोतीला लांब दोरीला बांधून जवळच्या टेकडीवर नेत असू. आरंभी मुलाला वाटे, की चेंडू फेकून फेकून त्याला दमवावे. परंतु नुसत्या चेंडूने या जातीचा कुत्रा शांत न होता अधिकच चेकाळतो, असे आमच्या लवकरच ध्यानात आले. शरीराबरोबर बुद्धीलाही काम हवे. म्हणून आम्ही भाकरीचे तुकडे गवतात लपवून ते वासाने शोधावयास त्याला शिकवले. 'बस', 'थांब', 'इकडे ये' या आज्ञा रोज थोड्या वेळाने, पण नेमाने घोटून घेतल्या. चूक झाली तर मारावयाचे नाही आणि साधले तर लगेच शाबासकी द्यावयाची, असा नियम केला. विजेरी कपाटात बंद झाली. सर्वांत कठीण धडा मात्र स्वस्थ बसण्याचा होता. या कुत्र्याला विसावाही शिकवावा लागतो. प्रत्येक कामाच्या शेवटी मुलगा म्हणे, "पुरे झाले!" आणि मोतीने त्याच्या पायाशी बसावयाचे. हे साधावयास दीड महिना लागला.

त्याच दिवसांत आम्ही पशुवैद्यांकडून आणि अनुभवी लोकांकडून पुष्कळ माहिती मिळवली. ती आधी मिळवावयास हवी होती. तुम्हांला उपयोगी पडावी म्हणून तिचे सार येथे देतो.

कुत्रा निवडताना रंगरूप पाहून भुलू नये. प्रथम आपल्या घराकडे पाहावे. या कुत्र्याला रोज दोनएक तास देणारे माणूस घरात आहे काय? तो बारा ते पंधरा वर्षे जगतो. आज अकरा वर्षांचा असलेला मुलगा तेव्हा पंचवीस वर्षांचा झालेला असेल. तोवर त्याची जबाबदारी कोण घेईल? या प्रश्नांचे उत्तर मिळाल्यावरच पिल्लू पाहावयास जावे. पिल्लू आठ आठवड्यांचे होण्याआधी आईपासून तोडू नये. शक्य तर त्याची आई अवश्य पाहावी. आई भित्री किंवा चिडखोर असेल तर पिल्लातही तो स्वभाव उतरण्याचा संभव असतो. ज्या आईबापांनी मेंढ्यांवर कसून काम केले आहे, त्यांचे पिल्लू शहरातील घराला बहुधा पेलत नाही. या जातीत डोळ्यांचे व खुब्याच्या सांध्याचे काही आनुवंशिक विकार आढळतात. म्हणून आईबापांची तपासणी झाली आहे किंवा नाही, हे विचारण्यात संकोच करू नये. विक्रेता आई दाखवावयास तयार नसेल, तर रिकाम्या हातांनी परत यावे.

पिल्लू घरी आल्यावर पशुवैद्यांच्या सल्ल्याने जंताचे औषध द्यावे आणि लशी वेळच्या वेळी टोचून घ्याव्या. रेबीजची लस कधीही चुकवू नये. हाडे वाढीस लागलेली असताना, म्हणजे साधारण वर्षभर, त्याला उंच उड्या मारावयास लावू नये व सायकलीबरोबर पळवू नये. अंगावर दाट दुपदरी केस असतात, ते आठवड्यातून दोनतीनदा विंचरावे आणि कानांमागे व बोटांच्या बेचक्यांत गोचीड पाहावे. चॉकलेट, कांदा, लसूण, द्राक्षे आणि मनुका हे पदार्थ कुत्र्याला अपायकारक असतात. ते लाडानेही देऊ नयेत.

आपल्या उन्हाळ्यात विशेष जपावे लागते. हा थंड प्रदेशातील प्राणी आहे. माणसासारखा घाम येऊन त्याचे अंग निवत नाही. धापा टाकूनच तो उष्णता बाहेर टाकतो. शिवाय कामाच्या भरात तो थकवा जाणत नाही आणि कोसळेपर्यंत धावतो. म्हणून फिरणे पहाटे किंवा दिवेलागणीनंतरच असावे. डांबरी रस्त्यावर हाताची पालथी बाजू ठेवून पाहावी. आपल्याला चटका बसत असेल, तर त्याचे तळवेही भाजतील.

आमच्या चार महिन्यांच्या परिश्रमाने मोती पुष्कळ सुधारला. त्याने सावल्यांचा नाद बराचसा सोडला आणि मुलांच्या टाचांना दात लावणे थांबवले. परंतु सकाळी दार लोटून सर्वजण बाहेर पडत, तेव्हा तो उंबऱ्याशी मान टेकून पडे आणि परत येईपर्यंत तसाच पडून राही. मी त्याच्यासाठी दुपारी एक फेरी घालीत असे, तरी तो दिवस फार लांब होता. एके दिवशी टेकडीवरून उतरताना मुलगा हळूच म्हणाला, "सर, मला तो हवा आहे. पण त्याला माझ्यापेक्षा जास्त काहीतरी हवे आहे, नाही का?"

मी उत्तर दिले नाही. त्याने ते स्वतःच शोधले होते.

शहराबाहेर शेतावर एक निवृत्त जोडपे राहत असे. त्यांच्याकडे चाळीसएक मेंढ्या होत्या आणि पूर्वी त्यांनी याच जातीचा कुत्रा पाळला होता. मोतीला 'काढून टाकणे' आणि त्याला योग्य घरी पोचवणे यांत जमीनअस्मानाचे अंतर आहे, हे मुलाच्या वडिलांनाही पटले. निघताना मुलाने मोतीची वाटी, फणी आणि एक लांबलचक कागद त्या काकांच्या हाती दिला. मोतीला येणारी प्रत्येक आज्ञा त्याने त्यावर सुवाच्य अक्षरात लिहिली होती. सर्वांत खाली लिहिले होते, 'काम झाले की पुरे झाले म्हणा. नाहीतर तो थांबत नाही.' परतताना गाडीत तो एक शब्दही बोलला नाही.

दहा महिन्यांनी आम्ही दोघे त्या शेतावर गेलो. काकांनी मोठ्या धीराने, लांब दोरीच्या साहाय्याने मोतीला काम शिकवले होते. आम्ही पोचलो तेव्हा मेंढ्या पलीकडच्या बांधापर्यंत पांगल्या होत्या. काकांनी शीळ घातली. मोती निघाला, मोठे वळण घेऊन कळपाच्या मागे गेला आणि मान खाली घालून पुढे सरकू लागला. पुस्तकात वाचलेले ते दृश्य मी प्रथमच डोळ्यांनी पाहत होतो. मेंढ्या जवळ आल्यावर काका मुलाला म्हणाले, "आता तू सांग त्याला."

मुलाचा आवाज किंचित कापला. "मोती, पुरे झाले!"

मोतीने कान टवकारले. क्षणभर तो जागीच थबकला आणि मग धावत येऊन मुलाच्या पायाशी बसला. मुलगा त्याच्या गळ्यात हात घालून बराच वेळ बसून राहिला. थोड्या वेळाने एक मेंढी बाजूला निघाली, तशी मोतीची मान तिकडे वळली. मुलाने आपले हात आपणहून सोडले आणि म्हणाला, "जा."

मुलांनो, प्राणी पाळण्याची हौस चांगली आहे. ती दयाळू मनाची खूण आहे. परंतु 'मला काय आवडते' या प्रश्नाबरोबर 'त्याला काय लागते' हा प्रश्नही विचारावा लागतो. तुमच्या घरी वेळ असेल, मोकळी जागा असेल आणि रोज पहाटे उठण्याचा निश्चय असेल, तर या बुद्धिमान सोबत्याला अवश्य घरी आणा. तो तुम्हांला भरभरून प्रेम देईल. तसे नसेल, तर रस्त्यावरचे एखादे शांत स्वभावाचे देशी पिल्लूही तितक्याच मायेने तुमची वाट पाहत असेल. त्यालाही घर हवेच आहे.

शब्दार्थ

हातोटी – कौशल्य, खास पद्धती
आप्त – नातलग
सावज – शिकारीचा प्राणी
क्षीण – दुर्बळ, कमी
विजेरी – बॅटरीवर चालणारा हातातील दिवा
कवडसा – फटीतून आलेला किंवा परावर्तित झालेला उजेडाचा ठिपका
आनुवंशिक – आईबापांकडून मुलांत उतरणारे

स्वाध्याय

१. एका-दोन वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) बॉर्डर कॉली मेंढ्यांच्या अंगावर सरळ धावत का नाही?
(आ) धनगरांचा कुत्रा आणि बॉर्डर कॉली यांच्या कामांत कोणता फरक आहे?
(इ) लेखकाने चेसरच्या गोष्टीतील कोणता भाग वर्गाला सांगितला नव्हता?

२. कारणे द्या.
(अ) मोती मुलांच्या टाचांना दात लावीत असे.
(आ) उन्हाळ्यात या कुत्र्याला भर दुपारी फिरावयास नेऊ नये.
(इ) पिल्लू निवडताना त्याची आई पाहावी.

३. सविस्तर उत्तर लिहा.
'काढून टाकणे' आणि 'योग्य घरी पोचवणे' यांत लेखकाला कोणता फरक वाटतो? तुमचे मत सकारण लिहा.

४. वाक्यांत उपयोग करा.
नजर रोखणे, डोळे विस्फारणे, अंतर्मुख होणे, जमीनअस्मानाचे अंतर असणे.

५. उपक्रम
तुमच्या परिसरातील पशुवैद्यांची किंवा मेंढपाळाची भेट घ्या. ते प्राण्यांची काळजी कशी घेतात, याची माहिती दहा ओळींत लिहून वर्गात वाचून दाखवा.